जनित्राचें घर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ असें आपल्याकडे म्हणतात. या दोन्ही परीक्षांना मी यथाकाल बसलों आणि, गुण फारसे न मिळवतां कां होईना, उत्तीर्ण झालों. तेव्हां आपल्या अकलेची परीक्षा पाहणारें आतां कांहीं उरलें नाहीं, अशा समजुतींत मी नोकरी संपल्यावर रोह्याच्या वडिलोपार्जित घरीं येऊन राहिलों. पण म्हण करणाऱ्या पूर्वजांना तिसरी एक परीक्षा ठाऊक नव्हती. माणसासाठीं घर बांधणें तुलनेनें सोपें. माणसाला घर आवडलें नाहीं तर तो तसें सांगतो. एखाद्या यंत्रासाठीं घर बांधून पाहावें, म्हणजे खरी कसोटी लागते. यंत्र स्वतः कांहींच बोलत नाहीं, आणि त्याच्या वतीनें जो बोलूं लागतो तो आपलाच स्वार्थ असतो.

हें यंत्र म्हणजे साडेसात केव्हीए शक्तीचें डिझेलवर चालणारें एक जनित्र. ‘जनित्र’ हा शब्द मी मासिकाच्या मर्यादेखातर वापरतों; आमच्या घरांत, वायरमनच्या तोंडीं आणि साऱ्या आळींत त्याला ‘जनरेटर’ याखेरीज दुसरें नांव नाहीं. तें मूळचें पेणचें. पेणला माझी थोरली बहीण दिली आहे, आणि तिच्या सासरीं गणपतींचा कारखाना आहे. इतर गांवीं ‘कारखाना’ म्हटलें कीं धूर ओकणारें धुराडें डोळ्यांपुढें येतें. पेणला कारखाना म्हटलें कीं ओळीनें मांडलेले, अद्याप डोळे न उघडलेले गणपति दिसूं लागतात. अशा सोज्ज्वळ कारखान्यांत हें धूर ओकणारें यंत्र कसें शिरलें, तें सांगितलें पाहिजे.

२०२० सालच्या जून महिन्याच्या ३ तारखेला, भर दुपारीं, ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. त्या दिवशींचा वारा मीं माजघराच्या दाराला पाठ लावून ऐकला. वारा ओरडतो असें आपण सहज म्हणतों. त्या दिवशीं तो खरोखरीच कोणाला तरी हांक मारीत असावा असें वाटलें. संध्याकाळीं दार उघडून पाहिलें, तों परसांतल्या पोफळी काडीसारख्या मोडून पडलेल्या, घरावरचीं निम्मीं कौलें शेजारच्या खाचरांत, आणि विजेचे खांब रस्त्यावर आडवे. दोन दिवसांनीं वटपौर्णिमा आली. आमच्या आळींतल्या बायका उभा राहिलेला वड शोधीत हिंडत होत्या. वीज किती दिवसांनीं आली तें आतां मी सांगत नाहीं. पहिले आठ दिवस मीं भिंतीवर रेघा ओढल्या आणि मग रेघा ओढण्याचाही कंटाळा केला, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

पेणला ताईकडे तर त्याहून बिकट अवस्था. आधींच महामारीचें वर्ष. घरगुती मूर्ति दोन फुटांपर्यंत आणि सार्वजनिक मूर्ति चार फुटांपर्यंतच असावी असा त्या वर्षीं सरकारचा दंडक. चतुर्थी २२ ऑगस्टला. कारखान्याचें प्लॅस्टिकचें छप्पर उडालेलें, शाडूच्या मूर्ति दमट हवेंत वाळतां वाळत नव्हत्या, पंखे बंद, रंगाचा फवारा मारणारा कॉंप्रेसर बंद. सगळ्यांत मोठी अडचण आखणीची. गणपतीचे डोळे रेखण्याच्या कामाला पेणकर आखणी म्हणतात. हें काम सारेच कारागीर करीत नाहींत. ज्याचा हात स्थिर, त्यानेंच तें करायचें. कंदिलाच्या हलत्या उजेडांत डोळ्याची रेघ हलली तर देवाची मुद्राच बदलते. आमचे भावोजी मितभाषी गृहस्थ. त्यांनीं एक दिवस कोणाला न सांगतां हें जनित्र आणलें आणि कारखान्याच्या मागच्या दारीं उभें केलें. त्या वर्षीं ताईच्या कारखान्यांतून जे जे गणपति बाहेर पडले, त्यांनीं पहिला उजेड पाहिला तो या यंत्राचा.

आतां भाच्यानें हमरापूरच्या बाजूला मोठी शेड घेतली आहे आणि तेथें मोठें जनित्र बसवलें आहे. धाकटें जनित्र रिकामें पडलें. ताईचा फोन आला, ‘‘विकूं नका म्हणून मीच सांगितलें. तूं घेऊन जा. आईच्या गादीचें तरी होईल.’’

आईच्या गादीची हकीकत अशी. आईचें वय अठ्ठ्याऐंशी. गेल्या वर्षीं ती न्हाणीघरांत पडली, तेव्हांपासून तिचा मुक्काम बहुतेक अंथरुणावर. तिच्या पाठीला जखमा होऊं नयेत म्हणून डॉक्टरांनीं हवेची गादी घ्यायला लावली आहे. एक लहानसा पंप त्या गादीच्या पन्हळींत आळीपाळीनें हवा भरतो आणि सोडतो. वीज गेली कीं गादी हळूहळू बसते. घरांत इन्व्हर्टर आहे. तो रात्रभर कशीबशी दम धरतो. पण कोंकणांतला पाऊस एका रात्रीचा हिशेब करून येत नाहीं. सूर्यप्रकाशावरील विजेचीही चौकशी केली. परंतु आषाढांत जेव्हां आम्हांला विजेची सर्वांत अधिक गरज, तेव्हांच सूर्य आमच्याकडे सर्वांत कमी येतो. तेव्हां जनित्र आणायचें ठरलें.

पेणहून तें टेंपोंत घालून वडखळ, नागोठणें, कोलाड या वाटेनें रोह्याला आलें. चार हमालांनीं तें अंगणांत उतरवलें, ताडपत्रीनें झांकलें आणि ‘‘ठेवायचें कुठें तें ठरवा, मग बोलवा’’ असें सांगून ते गेले. येथून माझी परीक्षा सुरू झाली.

पहिली जागा मीं क्षणांत ठरवली. मागची पडवी! वर कौलें, खालीं फरशी, विजेचा बोर्ड हाताशीं, आणि तिला लागूनच आईची खोली; म्हणजे तार सुद्धां लांब ओढायला नको. आमचा वायरमन तिशीच्या आंतला आहे, पण या घराच्या भिंतींतून कोणती तार कोठें जाते हें त्याला माझ्याहून अधिक ठाऊक. त्यानें पडवी पाहिली, आईच्या खिडकीकडे पाहिलें आणि तो शांतपणें म्हणाला, ‘‘काका, आजी नकोशा झाल्यात का?’’

मी दुखावलों. मग त्यानें मला समजावून दिलें, आणि नंतर मींही थोडें वाचून पाहिलें. डिझेलच्या धुराचा वास येतो, म्हणून आपण त्याला भितों. पण त्याच धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा एक वायु असतो, त्याला वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतल्या ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटतो, त्याला हा वायु दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागाच ठेवीत नाहीं. माणूस गुदमरत नाहीं, ओरडत नाहीं. त्याला नुसती झोप येते. पडवींत, तळघरांत, जिन्याखालीं, बंद शेडमध्यें जनित्र लावून झोपलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत, तीं यामुळें. दारें-खिडक्या थोड्या उघड्या ठेवून हें संकट टळत नाहीं. यंत्र उघड्यावरच हवें, घराच्या खिडक्यांपासून दूर हवें, आणि धुराची नळी वर आकाशाकडे हवी. ज्या आईसाठीं मीं हा खटाटोप मांडला होता, तिच्याच उशाशीं मी मृत्यूला पडवी देत होतों!

दुसरी जागा विहिरीजवळची. घरापासून दूर, मोकळी. या वेळीं वायरमननें कांहीं म्हणण्यापूर्वीं माझ्या पत्नीनेंच परसाच्या भिंतीवरची खूण दाखवली. २००५ सालच्या जुलैंत रायगड जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला, त्या वेळीं आमच्या परसांत पाणी कोठवर चढलें, ती ही खूण माझ्या वडिलांनीं कोयत्यानें कोरून ठेवलेली. माझ्या कमरेला लागते. कुंडलिका नदी इतर वेळीं आमच्यापासून सभ्य अंतरावर वाहते. पण मनांत आलें कीं न विचारतां परसांत येते. ज्या दिवशीं वीज जाणार, त्याच दिवशीं जनित्र पाण्याखालीं जाणार असेल, तर तें पेणहून आणलें कशाला?

मग मला गोठा आठवला, आणि आपण तो आधींच कसा विसरलों याचें आश्चर्य वाटलें. घराच्या पूर्वेला, उंच जोत्यावर, तिन्ही बाजूंनीं मोकळा. शेवटची गाय जाऊन वीस वर्षें झालीं. आतां तेथें मोडकी खाट, जुनीं कौलें आणि आमच्या बालपणची एक तीनचाकी सायकल नांदते. जोतें तयार, छप्पर तयार. आईची खिडकी दूर. वायरमनलाही जागा पसंत पडली. ‘‘फक्त पलीकडच्या काकूंना विचारा,’’ तो म्हणाला.

पलीकडच्या काकूंचें घर गोठ्यापासून बारा पावलांवर. काकू पंच्याहत्तरीच्या पुढें गेल्या आहेत आणि एकट्या राहतात. त्यांची निजण्याची खोली गोठ्याकडेच आहे. एकेकाळीं आमच्या गाईच्या घंटेचा आवाज ऐकून त्या पहाटे उठत. मी त्यांच्या ओटीवर गेलों आणि सारी योजना सांगितली. माझ्या बोलण्यांत ‘आई’ हा शब्द जरा अधिकच वेळां आला असावा. काकूंनीं निवडतां निवडतां तांदळाचें सूप खालीं ठेवलें आणि म्हणाल्या, ‘‘अरे, लाव तूं. तुझ्या आईचें होतंय ना? मला काय, चार रात्री कान झांकून निजेन.’’

मी आनंदानें परत यायला हवें होतें. पण अंगणापर्यंत येतां येतां माझी पावलें जड झालीं. काकू भांडल्या असत्या तर मीं कायदा दाखवला असता. नवें जनित्र त्याच्या पेटीपासून एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलच्या वर आवाज करणार नाहीं, असा देशांत नियम आहे. माझें यंत्र त्या नियमांत बसतें. पण नियमानें मोजलेला आवाज दिवसा बाजारांत वेगळा आणि रात्रीं दोन वाजतां म्हाताऱ्या माणसाच्या उशाशीं वेगळा. शिवाय वाऱ्याचें काय? आमच्याकडे पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येकडून येतो. माझें जनित्र उन्हाळ्यांत बहुधा झोपूनच राहणार. तें जागें होणार पावसाळ्यांत, म्हणजे नेमका वारा गोठ्याकडून काकूंच्या खिडकीकडे वाहत असतांना. आईचा श्वास वाचवण्यासाठीं मीं जी जागा निवडली होती, ती बरोबर दुसऱ्या एका म्हातारीच्या श्वासावर रोखलेली होती. आणि ती म्हातारी ‘लाव तूं’ म्हणाली होती!

त्या संध्याकाळीं मी फिरत फिरत नदीच्या पुलावर गेलों. मे महिना होता. कोंकणांतल्या नद्या मे महिन्यांत कशा असतात हें सर्वांना ठाऊक आहे. दगडधोंडे वर येतात आणि पात्रांत पोरें क्रिकेट खेळतात. आमची कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यांतही वाहते. लहानपणीं आम्हांला याचा केवढा अभिमान होता! आपली नदी इतर नद्यांहून पुण्यवान आहे अशी आमची समजूत. पुढें कळलें कीं हें पुण्य उसनें आहे. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीला जें पाणी अडवलें आहे, तें स्वभावानें पूर्वेकडे, कृष्णेच्या खोऱ्यांतून बंगालच्या उपसागराला जाणारें. तें डोंगराच्या पोटांतून पश्चिमेला वळवून सुमारें पांचशें मीटर उंचीवरून भिऱ्याच्या वीजघरावर आणून सोडलें, आणि चक्रें फिरवून झाल्यावर उरलेलें पाणी कुंडलिकेच्या पात्रांत आलें. कोलाडला रोज सकाळीं रबरी नावा घेऊन जे हौशी लोक नदीच्या कांठीं ताटकळत असतात, ते याच पाण्याची वाट पाहतात. वीजघरानें पाणी सोडलें कीं त्यांची नदी सुरू होते.

भिऱ्याचें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. त्याच्याआधीं खोपोलीचें १९१५ सालीं आणि भिवपुरीचें १९२२ सालीं. तिन्ही आमच्या रायगड जिल्ह्यांत, आणि तिन्ही मुंबईसाठीं. प्रथम तेथल्या कापडगिरण्यांना, मग आगगाड्यांना आणि घरांना येथली वीज गेली. आईचें माहेर भिऱ्याच्या वाटेवरचें. ती सांगते, डोंगरावरून तारांचे मोठाले मनोरे चालले होते आणि आमच्या घरांत रॉकेलची चिमणी होती. लहानपणीं तिनें आपल्या वडिलांना विचारलें होतें, ‘‘बाबा, त्या तारांत काय असतं?’’ आणि त्यांनीं सांगितलें होतें, ‘‘मुंबईचा उजेड.’’

त्या उजेडांत मी चाळीस वर्षें राहिलों. परळच्या चाळींत माझ्या टेबलावर दिवा होता. कोळशाच्या विजेनें तो किती वेळ जळला आणि पाण्याच्या विजेनें किती वेळ, याचा हिशेब कोण देणार? पण बटन दाबल्यावर दिवा लागला कीं मीं कधीं वर पाहिलें नाहीं, एवढें खरें. उजेड पडल्यावर माणूस पुस्तकाकडे पाहतो, तारेकडे पाहत नाहीं. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला मुळशीचें खोरें होतें. तेथल्या शेतकऱ्यांना ‘लाव तूं’ असें म्हणायचें नव्हतें. आपल्या भातजमिनी आणि देव पाण्याखालीं जाणार हें कळल्यावर त्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले आणि तुरुंगांत गेले. ‘सेनापति’ ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यांत. लढा तीनेक वर्षें चालला आणि विझला; धरण झालें. गिरण्या चालल्या, दिवे लागले, हजारों मुलें त्या दिव्यांखालीं शिकून मोठीं झालीं. हें सारें व्हायलाच नको होतें असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. मी त्या दिव्याखालीं बसलेला माणूस आहें. पण एक गोष्ट मला पुलाच्या कठड्याला टेकून उभा असतांना प्रथमच नीट दिसली. दिवा लावणाऱ्याच्या घरांत उजेड पडतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणांत मोजली जाते. उजेड आणि किंमत यांच्यामध्यें जितकें अंतर अधिक, तितका दिवा लावणारा निष्पाप. मुंबईंत मी शंभर मैलांच्या आंतबाहेर निष्पाप होतों. आतां अंतर बारा पावलांचें होतें, आणि तेवढ्यांत निष्पाप राहण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशीं मीं वायरमनला पुन्हां बोलावलें आणि विचारलें, ‘‘या आवारांत अशी जागा कोणती, जेथून पावसाळ्यांतला धूर कोणाच्याच खिडकींत जाणार नाहीं?’’ त्यानें क्षणभरही विचार केला नाहीं. ‘‘आहे की. त्या बकुळीखालीं. पण ती तुम्ही देणार नाहीं, म्हणून मी बोललों नाहीं.’’

खरें सांगायचें तर, ती जागा माझ्या मनांतही आली नव्हती. आपल्याला जी वस्तु द्यायची नसते, ती यादींतच येत नाहीं. अंगणाच्या उत्तर टोकाला बकुळीचें जुनें झाड आहे, आणि त्याच्याखालीं वडिलांनीं बांधलेला एक दगडी ओटा. तेथून पलीकडे आमचीं नि दुसऱ्यांचीं भातखाचरें पसरलेलीं आहेत, मध्यें एकही घर नाहीं. मुंबईच्या चाळीस वर्षांत डोळे मिटले कीं मला जें रोहें दिसे, तें याच ओट्यावरून दिसणारें. तेथें बसून मीं पेन्शनचीं वर्षें घालवायचीं, वाचायचें, आणि जमलें तर कांहीं लिहायचें, असा माझा बेत होता. आणि तो बेत मी रोज संध्याकाळीं अमलांत आणीत होतों.

दोन दिवस मीं त्या प्रश्नाला बगल दिली. गोठ्याला पूर्वेकडून भिंत घातली तर? धुराची नळी उंच केली तर? वायरमननें दोन्हीही गोष्टींनीं थोडा फरक पडेल असें प्रामाणिकपणें सांगितलें, आणि ‘थोडा’ या शब्दावर असा जोर दिला कीं मला तो पकडतां आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आईजवळ बसलों असतां ती म्हणाली, ‘‘काल रात्रीं काकूकडचा खोकला ऐकलास का?’’ तिला जनित्राचें कांहींच माहीत नव्हतें. तिनें सहज विचारलें. मीं गवंड्याला निरोप पाठवला.

घर बांधायला मग फार दिवस लागले नाहींत. बकुळीच्या मुळांना धक्का न लावतां, ओट्याच्या बाहेरच्या अंगाला, पुराच्या खुणेहून हातभर उंच असें कॉंक्रीटचें जोतें घातलें. यंत्र हादरतें, म्हणून त्याच्या पायांखालीं रबर. चारी बाजूंनीं माणूस फिरेल इतकी मोकळी जागा. यंत्रालाही श्वास लागतो, आणि त्याचा गरम उच्छ्वास जायला वाट लागते. वर पत्र्याचें छप्पर, पण भिंत एकही नाहीं. धुराची नळी छपराच्या वर नेऊन तिचें तोंड खाचरांकडे केलें. जमिनींत अर्थिंगचे खड्डे घेतले. डिझेलचा डबा यंत्राजवळ ठेवायचा नाहीं, आणि चालू यंत्रांत डिझेल ओतायचें नाहीं, हे दोन नियम पत्नीनें पाठ केले. यंत्रावर किती भार घालायचा याचाही विचार झाला. साडेसात केव्हीए म्हणजे प्रत्यक्ष सहा किलोवॅट. पंप सुरू होतांना क्षणभर आपल्या नेहमींच्या कित्येक पट वीज ओढतो, म्हणून कांहीं शक्ति हातची राखावी लागते; उलट अगदींच थोड्या भारावर यंत्र तासन् तास चालवलें तर त्याच्या पोटांत काजळी धरते. म्हणून ठरलें, कीं रात्रभर गादी इन्व्हर्टरनें सांभाळायची, आणि जनित्र दिवसा दोन-तीन तास चालवून इन्व्हर्टर भरायचा, फ्रिज गार करायचा आणि विहिरीचा पंप लावायचा. विहीर आमची आणि काकूंची सामाईक. त्यांची टाकी त्याच पंपावर भरते. या एका कलमानें मला जरा बरें वाटलें.

आणखी एक गोष्ट वायरमननें स्वतःसाठीं मागून घेतली. ‘‘चेंजओव्हर स्विच चांगला बसवा. पैसे वांचवूं नका.’’ या स्विचाचा दांडा एका वेळीं एकाच बाजूला राहतो; बाहेरची वीज किंवा घरची. तो नसला आणि कोणी जनित्राची वीज तशीच घरांत सोडली, तर ती मीटरमधून उलटी बाहेर जाते, रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून चढत्या दाबानें वरच्या तारांत शिरते, आणि तार मेलेली आहे अशा भरंवशानें खांबावर चढलेला माणूस भाजून मरतो. ‘निसर्ग’ वादळानंतर असेच लोक चिखलांतून खांब वाहून नेतांना मीं पाहिले होते. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण असतें, याचें आणखी एक उत्तर मला मिळालें.

ताई पेणहून मुद्दाम आली. नारळ फोडला, पेणच्या पोह्यांचा फराळ झाला. वायरमननें यंत्र सुरू केलें, आणि मी धांवत काकूंच्या घरीं गेलों. त्यांच्या निजण्याच्या खोलींत शिरून मीं खिडकी सताड उघडली आणि कान देऊन उभा राहिलों. दूर कोठें तरी पिठाची गिरणी चालावी, इतकाच आवाज. वास नाहीं. काकू दारांत येऊन हंसल्या, ‘‘काय रे ऐकतोस?’’ मीं सांगितलें, ‘‘गाय जागी झाली आहे कां पाहतों.’’

परत येतांना मी बकुळीपाशीं थांबलों. ओटा आहे, पण आतां तेथें बसून वाचवत नाहीं. यंत्र बंद असलें तरी त्याच्या लोखंडी पाठीमुळें खाचरें अर्धी झांकतात. बकुळीचीं फुलें छपराच्या पत्र्यावर पडतात आणि तेथेंच वाळतात. एक लिटर डिझेल जाळलें तर त्यांतल्या शक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो असें म्हणतात. बाकीचे दोन हिस्से ऊब आणि धूर होऊन निघून जातात. हें प्रमाण माणसांच्या इतर पुष्कळ कामांनाही लागू पडत असावें. धूर नळीच्या तोंडांतून निघाला, वाऱ्यानें वांकला आणि मीं योजल्याप्रमाणें अचूक खाचरांवरून गेला. मी समाधानानें पाहत होतों. इतक्यांत दूर, तिसऱ्या खाचराच्या बांधावर, पेरणीपूर्वींची ढेकळें फोडणारा एक माणूस वांकलेला उठला. त्यानें मान वर करून नळीकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें, आणि खांद्यावरचा पंचा नाकाला लावून तो पुन्हां कामाला लागला.

आतां यंत्र चालवायची वेळ ठरवतांना त्याला विचारायचें ठेवलें आहे.